दुसरं टोक

१

मी शहरातल्या छावणी भागात फॉल-पिकोचं काम करते. बाजाराच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत पलंग, गॅस, भांडी आणि कोपऱ्यात मोरी. दोन्हींच्या मधे दार नाही, पडदा आहे. माझा नवरा शिवशंकर सकाळी आठला गाडी घेऊन जातो तो संध्याकाळी सातला येतो. लेकरू नाही. मधला सगळा दिवस मशीनपाशी जातो.

कामाची रीत ठरलेली आहे. आधी फॉल पाण्यात भिजवायचा, म्हणजे पुढं धुतल्यावर आटत नाही. वाळला की इस्त्री. मग साडीचं आतलं टोक घ्यायचं, त्याला पिको मारायचा. त्या टोकापासून खालच्या काठाला फॉल लावायचा. मग साडी सरकवत सरकवत पदरापर्यंत जायचं आणि पदराच्या टोकाला पिको मारायचा. एका साडीला माझा पाऊण तास लागतो.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सोमवारी दुपारी कृष्णा आला. कृष्णा म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, रूपाचा भाऊ. पिशोरला असतो, लोकांच्या शेतात कामाला जातो. तीन वर्षांपूर्वी रूपा आमच्या गावातून गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. तेव्हापासून हा माणूस कागदांची पिशवी घेऊन कचेऱ्या धुंडतोय.

तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला. पिशवीतून साडी काढली. अबोली रंगाची, हिरव्या काठांची.

"भाऊबीजेची हाय, ताई. दर वर्साला एक घेऊन ठिवतो. ही तिसरी," तो म्हणाला. "फॉल लावून द्या. आली तर तशीच नेसंल."

मी साडी घेतली.

"आणखी एक हाय," तो म्हणाला. "नवा साहेब आलाय. चौकशी परत उघडलीय. शुक्रवारी सगळ्यांचे जबाब परत घेणारेत."

"मला आलंय बोलावणं."

"तुम्ही तिथं होता, ताई."

मी फॉलच्या बंडलातून हिरवा रंग शोधत राहिले.

"मला कुणाला फासावर नाय चढवायचं. काय झालं तेवढं एका तरी माणसानं बोलावं. बास."

"बघते," मी म्हणाले.

तो मान डोलावून गेला. 'बघते' ह्या शब्दावर तीन वर्षं काढलेला माणूस.

२

मंगळवारी सकाळी मी ती साडी घेतली. बाहेरच्या खोलीत दुसऱ्या साड्यांचा ढीग होता म्हणून हिची घडी आत पलंगावर ठेवली, एक टोक पडद्याखालून बाहेर घेतलं आणि मशीनखाली धरलं. पिको मारला. फॉल लावला. फॉल जिथं संपला तिथं दोरा तोडला आणि पदराकडं जायला साडी ओढू लागले.

कापड पडद्याखालून येत राहिलं. मी दुसऱ्या कामाचा विचार करत होते, त्यामुळं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं तेव्हा पायांशी गुडघ्याइतका ढीग झाला होता आणि पदर आला नव्हता.

मी टेप घेतला. नऊ मीटर भरलं. साडी साडेपाचाची असते, ब्लाऊजपीस धरून सव्वासहाची.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. यंत्रमागावरून कधी कधी साड्या न कापता येतात, एकीला दुसरी लागून. कृष्णासारख्या माणसाच्या गळ्यात दुकानदारानं असा ताग्याचा तुकडा मारला असणार. पण जोडसाडीला मधे पदर येतो, नक्षी बदलते. इथं काहीच बदलत नव्हतं. अबोली अंग, हिरवे काठ, पुन्हा अबोली अंग.

मी पडदा सारून आत पाहिलं. पलंगावर साडीची घडी होती. सकाळी ठेवली तेवढीच.

पुन्हा बाहेर येऊन बसले आणि ओढायला लागले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कापड सारखं येत नव्हतं. एक वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्याएवढं यायचं, मग अडायचं. पुन्हा सैल होऊन एक वाव यायचं, पुन्हा अडायचं. पलंगाच्या पायात गुंतत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण गुंतलेल्या कापडाला हिसका द्यावा लागतो. ह्याला द्यावा लागत नव्हता. मी थांबले की तेही थांबायचं.

बारा मीटरला मी मशीन बंद केलं. हाताला काहीतरी गार लागलं. काठ ओला होता.

मोरी जवळच आहे, शिंतोडे उडाले असतील.

३

आमचं गाव देवगाव रंगारीच्या पुढं, आत आहे. तेव्हा आम्ही तिथंच राहायचो. सासऱ्यांची पिढी मेंढरांमागं फिरली, आता शेती आहे, थोडी शेरडं आहेत. सासऱ्यांचं नाव त्रिंबक, सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. त्यांची दोन मुलं. थोरला माझा शिवशंकर, धाकटा इंद्रजीत. इंद्रजीतची बायको रूपा.

सरपंचपद बाईला राखीव झालं तेव्हा आबांनी रूपाला उभं केलं. ती बारावी शिकलेली होती. मी थोरली, पण मला विचारलंही नाही. ती निवडून आली, तिच्या गळ्यात हार पडले, आणि मी तिच्या पाहुण्यांसाठी चहा केला. हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. मेंढरं तिथंच चरायची. ते एका कंपनीला उन्हावर वीज करायच्या काचेच्या पट्ट्या बसवायला द्यायचं आबांनी ठरवलं. ठरावावर सरपंचाची सही आणि शिक्का लागत होता. सही तिचा नवरा इंद्रजीतच करून टाकायचा, सगळीकडं तसंच चालतं. पण रूपानं शिक्का लपवून ठेवला. म्हणाली, ज्यांच्याकडं शेत नाही त्यांची जनावरं कुठं जातील, ते आधी सांगा.

मग एक दिवस सकाळी दहाला मारुतीच्या सभामंडपात गाव जमलं. आबांनी मला घराकडं पिटाळलं. "तुझ्या जावेला घेऊन ये."

रूपा त्या दिवशी बाहेरची होती. शेरडांच्या छपरात बसलेली. नुकती डोक्यावरून न्हायली होती, केस ओले, अंगावर एक जुनी साडी गुंडाळलेली.

"अक्का, मला आज यायला जमायचं नाय," ती म्हणाली. "तुमाला ठावं हाय ना."

"दोन मिन्टांचं काम हाय. कागद दाखवायचेत म्हणं तुला."

"कोण कोण हाय?"

"आपलेच हायेत. आबा, आणि आपले चार जण."

मी सभामंडपातून आले होते. तिथं दोनशे माणूस होतं.

ती उठली. केस बांधायला हात वर केले तर मी म्हणाले, "राहू दे गं, उशीर होतोय." मी का तसं म्हणाले? तिला जरा खाली बघायला लागावं, एवढंच माझ्या मनात होतं. त्याहून जास्त काही नव्हतं. अजूनही मी स्वतःला हेच सांगते.

४

तिला पाहून मंडप गप्प झाला. एरवी अशा दिवसांत बाईची सावली देवळावर पडू न देणारे लोक. त्या दिवशी कुणाला विटाळ आठवला नाही.

आबा म्हणाले, "सही कर."

ती नाही म्हणाली.

आबांनी इंद्रजीतकडं पाहिलं. इंद्रजीत उभा राहिला. "मी आबांचा हाय," तो म्हणाला. "माझं सोताचं काय नाय. आबा म्हणतील ते. आन् ही माझी हाय, म्हंजी तिची सहीबी तुमचीच. माझ्याकडून झाली समजा."

रूपानं सगळ्यांकडं पाहिलं. आवाज चढवला नाही. "यांनी आधी सोताला देऊन टाकलं, मग मला दिलं. जो माणूस सोताचाच राहिला नाय, तो मला कसा काय देतो? एवढं कुणीतरी सांगा. मग करते सही."

आमच्या गावात श्रावणात भारताची पोथी लागते. द्रौपदी सभेत असंच विचारते आणि म्हातारे खाली बघतात. ते ऐकताना बायका डोळ्याला पदर लावतात. मीही लावायचे. त्या दिवशी तेच म्हातारे, त्याच जागी, तसेच खाली बघत बसले. शिवशंकर आबांपासून तिसरा बसला होता.

कुणीच बोलेना, तेव्हा हनुमान उठला. आबांचा पुतण्या. "लई शिकलीय ही," तो म्हणाला. "डोक्यावर पदर घ्यायची लाज नाय, मग पदर कशाला पायजे?" आणि त्यानं पदर धरला.

मला वाटलं, नुसता धरेल आणि सोडेल. सगळ्यांना तसंच वाटलं असेल. त्यानं ओढला. रूपा एक गिरकी फिरली, अडली. त्यानं पुन्हा ओढला, ती पुन्हा फिरली. ओल्या केसांचं पाणी पुढं बसलेल्यांच्या कपड्यांवर उडालं.

पोथीत साडी संपत नाही. आमच्या सभामंडपात संपली. साडेपाच मीटर कापडाला किती वेळ लागतो.

ती फरशीवर बसली, गुडघे छातीशी घेऊन, केस पुढं ओढून. साडी माझ्या पायाशी येऊन पडली होती. मी ती उचलली. काठाला काठ लावला आणि घडी घातली. माझ्या हातांना तीच सवय आहे. घडी झाल्यावर हनुमाननं हात पुढं केला आणि मी ती त्याच्या हातात दिली. रूपा माझ्यापासून दोन हातांवर होती.

ती कधी उठली, कुठल्या वाटेनं गेली, कुणी पाहिलं नाही, कारण सगळे खाली बघत होते. पोथीतला कृष्ण हाकेसरशी आला. आमचा कृष्णा पिशोरहून दुसऱ्या दिवशी आला, तोवर ठरावावर सही झालेली होती. कुणी केली, मला ठाऊक नाही. पोलिसांना दोनशे माणसांनी एकच सांगितलं, असं काही झालंच नाही. मी सांगितलं, मी शेरडांना पाणी पाजत होते.

५

बुधवारी मी कात्री घेतली. साडेपाच मीटर मोजले, खूण केली आणि कापलं. कापलेल्या कडेला पिको मारला. आता हीच साडी, हेच तिचं दुसरं टोक. उरलेलं कापड पडद्याआड लोटलं आणि चहा ठेवला.

चहा घेऊन आले तर कापलेली कड सापडेना. सगळा ढीग उलटा केला. सुरुवातीचं टोक होतं, फॉल होता, आणि पुढं अखंड कापड होतं, पडद्याखाली गेलेलं.

आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती. न झोपलेलं माणूस दुसरंच कापड कापतं आणि विसरतं. होतं असं.

तेवढ्यात शेजारच्या चंपाबाई आल्या. वय साठीच्या पुढं. शाळेत शिपाईण होत्या, आता पेन्शनीत आहेत. दर बुधवारी बुद्धविहारातून येताना माझ्याकडं टेकतात.

"एवढा कपडा कुणाचा गं? मंडप बांधायचाय का?"

"दुकानदाराची चूक आहे, मावशी. संपतच नाही."

"संपत नाय म्हंजे?" त्यांनी हसत काठ धरला आणि ओढला. एक वाव आला. अडला. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा एक वाव आला. तिसऱ्या वेळेला त्यांचं हसू गेलं. काठ हळूच खाली ठेवून त्यांनी बोटं लुगड्याला पुसली.

"आत कोण हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग ढील कोण देतंय?"

मी पडदा बाजूला केला. पलंग, साडीची घडी, भांडी. चंपाबाईंनी आत डोकावलं नाही. त्यांनी नाकानं वास घेतला. मलाही आला. शिकेकाईचा, ओल्या केसांचा.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. छपरातून तिला कशी आणली, केस बांधू दिले नाहीत, घडी कुणाच्या हातात दिली. सांगून झाल्यावर मला वाटलं, त्या माझ्या पाठीवर हात ठेवतील.

"तू रडू नको," त्या म्हणाल्या. "रडायचा हक तिचा हाय. शुक्रवारी जाऊन सांग. आत्ता मला सांगितलंस तसंच, वाकडं-तिकडं न करता."

"सांगते."

"मला नको सांगू सांगते म्हणून. त्या पोराला सांग."

त्यांच्यासमोर मी कृष्णाला फोन लावला. म्हणाले, मी येते, आणि जे झालं ते बोलते. मग तो म्हणाला, "बरं, ताई."

फोन ठेवला तेव्हा पडद्याखालून कापड आपोआप सरकत होतं. मी ओढलं नव्हतं, चंपाबाईंनीही नाही. वावामागून वाव, न अडता, येत होतं. खोलीभर पसरलं, पायरीला लागलं. मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली नाही. जोवर हे येतंय तोवर तिच्या अंगावर काहीतरी आहे, असा एक वेडा विचार मनात आला. त्या दुपारी मला चांगली झोप लागली.

६

गुरुवारी शिवशंकर लवकर आला. मशीनपाशी येऊन स्टूलवर बसला. सगळ्या खोलीत कापड होतं, त्याच्या चपलांखालीही. त्यानं त्याबद्दल काही विचारलं नाही.

"उद्या काय बोलणार हाईस?"

"जे झालं ते."

त्यानं बराच वेळ चपलेचा अंगठा चाळवला. तो मारणारा माणूस नाही. आवाजही चढवत नाही.

"तिला छपरातून कुणी आणली, हेबी सांगणार?"

"हो."

"मग पयलं तुलाच आत बसवतील. आबांना नाय, हनुमानला नाय. तुला. बोलावून आणणारी तू, खोटं बोलून आणलंस. कपडा कुणाच्या हातातून गेला? तुझ्या."

ह्याचा विचार मी केला नव्हता असं नाही.

"आन् मी कुठं होतो म्हणशील?"

"आबांपासून तिसरे."

तो हसल्यासारखा झाला. "ही गाडी आबांच्या शब्दावर हाय. खोली त्यांच्या शब्दावर हाय. तुला लेकरू नाय, तरी दुसरी आणा म्हणून मला कुणी म्हणत नाय, तेबी आबांच्या शब्दावर. इंद्रजीतनं केली ना दुसरी?" तो उठला. "सकाळी आबांचा फोन आला होता. मी सांगितलं, तिची काळजी करू नका. ती माझ्या शब्दाभायेर नाय."

एवढं बोलून तो हात-पाय धुवायला आत गेला. मी तिथंच बसून राहिले. त्यानं मला न विचारता मला देऊन टाकलं होतं, हे कळायला थोडा वेळ लागला. विचारण्यासारखा एक प्रश्न होता, मला तो पाठ होता. मी तो विचारला नाही. भाकरी टाकायला उठले.

७

शुक्रवारी कचेरीच्या आवारात आमच्या गावची बरीच माणसं होती. आबा बाकावर बसले होते, शेजारी हनुमान. मला पाहून आबा म्हणाले, "जेवून आलीस ना, पोरी?"

कृष्णा लांब भिंतीशी उभा होता. धुतलेला सदरा घातला होता. मान हलवून त्यानं मला नमस्कार केला.

साहेब चांगले होते. मला एकटीला आत घेतलं, दार लावून घेतलं, पाणी दिलं. "ताई, बाहेरच्यांना इथलं काही ऐकू जात नाही," ते म्हणाले. "सावकाश सांगा. त्या दिवशी सकाळी तुम्ही कुठं होता?"

मी तोंड उघडलं. चंपाबाईंना सांगितलेले शब्द जसेच्या तसे होते, पहिला शब्द 'मी' होता. मी 'मी' म्हणाले.

साहेब वाट पाहत राहिले. पंखा फिरत होता. कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी बोटं टेकवून थांबली होती. खिडकीतून कृष्णाचा सदरा दिसत होता.

"मी शेरडांना पाणी पाजत होते," मी म्हणाले. "मला काही ठाऊक नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मी पुन्हा विचारतो. एकदा लिहिलं की बदलायला अवघड जातं."

"घरीच होते. देवळाकडं गेलेच नाही."

मुलीनं टाइप केलं. कागद बाहेर आला. त्यांनी दाखवला तिथं मी सही केली. सही माझी मीच केली, कुणी हात धरला नव्हता.

बाहेर आले तर कृष्णा पुढं आला. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि जागेवरच थांबला. काही विचारलं नाही. मी त्याच्या अंगावरून रिक्षाकडं गेले.

८

दुपारी तीनला घरी पोचले. कुलूप काढलं. खोली मोकळी होती. सकाळी दार लावताना पायरीपर्यंत पसरलेलं कापड कुठंच नव्हतं. फरशी दिसत होती.

साडी मशीनवर होती. तिचं दुसरं टोक सुईखाली आलेलं होतं, पदर, बारीक नक्षी, कडेला सुटे दोरे. मी टेप लावला. साडेपाच मीटर. मी खाली बसले. संपलं एकदाचं, असं वाटलं. मग मशीन सुरू करून पदराला पिको मारला. दोन मिनिटांचं काम.

मशीन थांबल्यावर आतला आवाज ऐकू आला. थेंब पडत होते. मोरीचा नळ नीट बंद होत नाही, मी तो रोज फडक्यानं बांधते. पण नळाचे थेंब बादलीत पडतात. हे फरशीवर पडत होते.

पडद्याखालून पाण्याची एक रेघ बाहेर आली आणि मशीनच्या पायाशी थांबली.

मला कळलं. कापड संपलं म्हणजे काय संपलं, ते कळलं. तरीही मी पडद्याचा कोपरा धरून बोटभर सारला. मोरीच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून, कुणीतरी बसलं होतं. गुडघे छातीशी. पाठीचे मणके एकेक मोजता येत होते. केस फरशीपर्यंत आले होते आणि त्यांतून पाणी गळत होतं.

डोकं वळायला लागलं, तेव्हा मी पडदा सोडला.

उन्हातून आले होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आबांना जेवले म्हणून सांगितलं होतं, पण जेवले नव्हते. उपाशी माणसाला दिसतं काहीबाही. शिवशंकर येईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले. तो आला तर म्हणाले, मला बरं नाही, तुम्ही घ्या वाढून. तो आत जाऊन जेवला आणि झोपला, नेहमीसारखा. रात्री बाहेरच्या खोलीतच, मशीनच्या पायाशी सतरंजी टाकून झोपले.

९

शनिवारी सकाळी कृष्णा साडी न्यायला आला. मला वाटलं होतं, येणार नाही.

मी घडी त्याच्या हातात दिली. त्यानं काठ उलटा करून फॉल पाहिला, बोट फिरवलं. "चांगला लागलाय," तो म्हणाला. "कुठं चुणी नाय."

"कृष्णा, मी..."

"राहू द्या. तुमाला तुमचं घर हाय." तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. साडी पिशवीत ठेवून तो निघाला, आणि पायरीवरून परत वळला.

"ताई, जबाबात नाय विचारत. माझ्यापुरतं विचारतो. कुणाला सांगायचो नाय." त्याला पुढचं बोलायला जड गेलं. "ती गावातून गेली तवा तिच्या अंगावर काय होतं का?"

पडद्यामागं थेंब पडत होते. एक, मग दुसरा. मग ते थांबले. आत जे होतं तेही उत्तर ऐकायला थांबलं होतं.

साडी त्याच्या पिशवीत होती. हात पुढं करून ती काढायची आणि पडदा सारून आत नेऊन द्यायची, चार पावलं. एवढंच करायचं होतं. त्यासाठी कचेरी नको होती, साहेब नको होते, बोलायचीही गरज नव्हती.

"होतं," मी म्हणाले. "साडी होती अंगावर. चांगली नेसलेली होती."

कृष्णानं डोळे मिटले आणि उघडले. "मग बरं हाय," तो म्हणाला.

आत तांब्या फरशीवर पडला आणि गोल गोल फिरत राहिला. कृष्णानं पडद्याकडं पाहिलं.

"घरात कुणी हाय का?"

"नाही. मांजर असेल."

तो गेला. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्याची पिशवी दिसत होती.

संध्याकाळी सातला शिवशंकर आला. चप्पल काढली, मला काही न बोलता हात-पाय धुवायला पडद्याआड गेला. मी कान देऊन बसले. पाण्याचा आवाज आला नाही. बादली हलली नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग तो बाहेर आला. हात कोरडे होते. एका हातात ताटली, तिच्यात शिळी भाकरी आणि ठेचा. माझ्याकडं न बघता तो माझ्या शेजारून गेला, बाहेर पायरीवर बसला आणि गल्लीकडं तोंड करून जेवला. शेवटचा घास होईपर्यंत त्यानं मागं पाहिलं नाही.

आत काय आहे, हे त्यानं मला विचारलं नाही. मीही त्याला विचारलं नाही. तेव्हापासून तो रोज पायरीवरच जेवतो.